खुर्ची बसण्याआधी: दातांच्या दवाखान्याची जागा आणि भाडेकरार

एका दंतवैद्याने मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बीडीएस होऊन पाच वर्षं झाली, दुसऱ्यांच्या दवाखान्यांत काम केलं, आता पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला स्वतःचा दोन खुर्च्यांचा दवाखाना काढायचा आहे. दोन जागा पाहिल्यात. पहिली मुख्य रस्त्यावरच्या व्यापारी इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचं ऑफिस, ४५० चौरस फूट, भाडं २६ हजार. दुसरी आतल्या रस्त्यावर निवासी सोसायटीच्या तळमजल्याचा गाळा, ३४० चौरस फूट, ४२ हजार. दोन्ही मालक ११ महिन्यांचा करार म्हणतात. कुठली घ्यावी, आणि करारात काय पाहावं?

मी पुण्यात २३ वर्षं प्रॅक्टिस करते आहे. तेवढ्यात तीन जागा झाल्या. पहिली सात वर्षांनी नाइलाजाने सोडली, दुसरी घाईत घेतली आणि पाच वर्षं तिचा त्रास काढला, तिसरीत आता ११ वर्षं आहे. त्यामुळे पुढे जे सांगते आहे त्यातलं बरंचसं पैसे मोजून शिकलेलं आहे.

आधी मूळ मुद्दा. जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांचं टेबल, तपासणीचा पलंग आणि कपाट एका टेम्पोत मावतं. आपली खुर्ची जमिनीत रुजते. तिच्याखाली पाण्याची लाइन, निचऱ्याचा पाइप, हवेची नळी आणि विजेची वायर फरशीच्या आत जाते. कॅबिनेट त्या खोलीच्या मापाचं बनतं. एक्स-रेची नोंदणी, जैववैद्यकीय कचऱ्याची परवानगी, दुकाने अधिनियमाखालची सूचना, सगळं त्या पत्त्यावर होतं. आणि पेशंटच्या डोक्यात तुमचं नाव बसतं ते ‘बँकेच्या शेजारच्या डेंटिस्ट’ असं. म्हणजे खुर्ची बसेपर्यंत घासाघीस करण्याची ताकद तुमच्याकडे असते. ती बसली की दुसऱ्या दिवसापासून ताकद मालकाकडे जाते. जे मागायचं ते पहिला ड्रिल भिंतीला लागण्याआधी मागा, आणि मिळालेलं कागदावर घ्या.

पहिल्या जागेत मी हेच केलं नव्हतं. मालक सज्जन होते, दर ११ महिन्यांनी नवा करार व्हायचा, सही करताना चहा यायचा. सातव्या वर्षी त्यांनी मुलाच्या शिक्षणासाठी गाळा विकला. त्यांची गरज खरी होती, माझा त्यांच्यावर राग नाही. पण घेणाऱ्याला ती जागा स्वतःला हवी होती आणि मला दोन महिने मिळाले. फर्निचर, पाइप, फरशी, पार्टिशन, सगळं तिथेच राहिलं. अर्धवट झालेल्या रूट कॅनॉलचे पेशंट मी मैत्रिणीच्या दवाखान्यात नेऊन पूर्ण केले. त्या घाईत दुसरी जागा घेतली, तिची गोष्ट लगेच येतेच.

आता जागा पाहायला जाल तेव्हा भाडं विचारण्याआधी संडास-बाथरूम कुठे आहे ते पाहा. इमारतीचा सांडपाण्याचा उभा पाइप तिथे असतो, आणि तुमची खुर्ची त्या पाइपपासून किती फुटांवर येणार यावर बाकी सगळं ठरतं. थुंकदाणीचं आणि सक्शनचं पाणी आपोआप वाहून जायला हवं. त्यासाठी पाइपला दर ४० फुटांना साधारण एक फूट उतार लागतो. प्लंबर फारच काटकसर करणारा असेल तर ६० फुटांना एक फूट म्हणेल. खुर्चीपासून पाइप दहा फुटांवर असेल तर तीन इंचांचा उतार, म्हणजे फरशी चार-पाच इंच उचलून कोब्यात दोन इंची पाइप बसतो. पाइप ३५ फुटांवर असेल तर दहा इंचांच्या वर उतार लागेल. तेवढी फरशी उचलली तर आत शिरताना दोन पायऱ्या चढाव्या लागतील आणि डोक्यावरची उंची जाईल. गुडघे धरून येणाऱ्या सत्तरीच्या आजींसाठी त्या दोन पायऱ्या म्हणजे एक मजलाच.

व्यापारी इमारतींतली बरीच ऑफिसं याच कसोटीला नापास होतात. प्रत्येक मजल्यावर टोकाला सामाईक स्वच्छतागृह असतं आणि ऑफिसच्या आत नळाची तोटीसुद्धा नसते. मधला कॉरिडॉर सगळ्यांचा, त्याची फरशी तुम्हाला उचलता येत नाही. दुसरा रस्ता म्हणजे स्लॅबमध्ये कोअर कटिंग करून, म्हणजे गोल भोक पाडून, पाइप खालच्या मजल्याच्या छतातून नेणं. ते मी दुसऱ्या जागेत केलं. तोंडी परवानगी होती. दीड वर्षाने जोड सैल झाला आणि खालच्या शिलाई दुकानात शिवायला आलेल्या कपड्यांवर पाणी टपकलं. भरपाई दिली ते एक, पण त्यानंतर खालच्या मालकाने पाइपला हात लावू दिला नाही आणि एक खुर्ची सहा महिने बंद राहिली. म्हणून सांगते, पाइप शेजाऱ्याच्या छतातून जाणार असेल तर शेजाऱ्याची लेखी संमती आणि दुरुस्तीसाठी आत येण्याचा हक्क, दोन्ही हवेत. ते मिळत नसेल तर ती जागा आपली नाही. आणि कुठेही गेलात तरी प्लास्टर ट्रॅप, म्हणजे गाळ अडवणारं भांडं, लावाच. दातांचे साचे घ्यायचं अल्जिनेट आणि प्लास्टर सामाईक पाइपमध्ये गेलं की तो तुंबतो, आणि तुंबला की सोसायटी पहिलं बोट दवाखान्याकडे दाखवते.

निचऱ्यानंतर येणारं पाणी. तुमच्या भागात हा प्रश्न मोठा आहे. सिंहगड रस्त्यालगतची धायरी २०१७ मध्ये पालिकेत आली, तरी त्या पट्ट्यात बऱ्याच इमारती आजही टँकर आणि बोअरवर चालतात. बोअरचं जड पाणी दात कोरायच्या हँडपीसच्या बारीक नळ्यांत क्षार साठवतं, दात साफ करायच्या स्केलरच्या टिपा खराब करतं, सोलेनॉइड व्हॉल्व्ह अडकवतं. पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा दोन-चारशे रुपयांचा टीडीएस मीटर खिशात ठेवा, नळ उघडा, आकडा लिहून घ्या. सोसायटीच्या वॉचमनला विचारा, पाणी किती वाजता येतं, उन्हाळ्यात टँकर किती लागतात. एजंटला याची माहिती नसते, वॉचमनला असते. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्याच भागात गुलियन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, पाण्याच्या स्रोतांकडे बोट दाखवलं गेलं, आणि तेव्हापासून पेशंट स्वतः विचारतात, ‘डॉक्टर, तोंडात मारता ते पाणी कुठलं?’ खुर्चीला स्वतंत्र बाटली असलेलीच घ्या, तिच्यात शुद्ध केलेलं पाणी घाला, नळ्या नियमित निर्जंतुक करा. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने दातांच्या उपचारात वापरायच्या पाण्यासाठी प्रति मिलिलिटर ५०० जिवाणू-वसाहतींची मर्यादा सांगितली आहे. टाकीतलं पाणी थेट खुर्चीला जोडून तुम्ही त्या मर्यादेच्या आत राहाल याची खात्री मी देणार नाही. वाफेने उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हला तर डिस्टिल्ड पाणीच लागतं, म्हणजे शुद्धीकरणाच्या यंत्राला आणि कॅनना जागा लागणार. नकाशात ती आधीच ठेवा.

विजेचं गणित तुमचं तुम्हाला करता येईल. खुर्ची साधारण एक किलोवॉट, एक हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर पाऊण, क्लास बी ऑटोक्लेव्ह दोनच्या आसपास, दीड टनाचा एसी दीड ते दोन. दोन खुर्च्या, दोन एसी धरले तर आठ-दहा किलोवॉटचा मंजूर भार असावा. ऑफिसच्या मीटरवर तीन-चार किलोवॉट आणि सिंगल फेज असेल तर भार वाढवायचा खर्च कुणाचा, हे करारात लिहा. मीटर मालकाच्या नावावर असल्यामुळे अर्जावर सही त्यांची लागते. ती द्यायला ते बांधील आहेत, एवढं एक वाक्य घालून घ्या. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. महावितरणच्या दरपत्रकात दवाखाने आणि रुग्णालयांसाठी ‘सार्वजनिक सेवा’ असा वेगळा वर्ग आहे. दुकानाच्या मीटरवर व्यापारी दर लागू असतो. दवाखाना सुरू झाला की वर्ग बदलण्याचा अर्ज करा.

कॉम्प्रेसरचा आवाज आणि उष्णता कुठे सोडणार? निवासी सोसायटीत वरच्या फ्लॅटमध्ये दुपारी झोपणारी माणसं असतात. ऑइल-फ्री कॉम्प्रेसर, रबरी पायांवर, पंखा असलेल्या बंदिस्त पेटीत, आणि शक्यतो मागच्या बाजूला. गाळ्याच्या मागे डक्ट किंवा छोटी मोकळी जागा असेल तर ती वापरायची परवानगी सोसायटीच्या पत्रात घ्या. मालकाला ती देण्याचा अधिकारच नसतो, कारण ती जागा सोसायटीची असते.

क्षेत्रफळाबद्दल. तुमच्या प्रश्नात ४५० आणि ३४० असे आकडे आहेत, पण ते कार्पेट (भिंतींच्या आतलं माप) आहेत की बिल्ट-अप (भिंती धरून) हे लिहिलेलं नाही, आणि इथेच माणूस फसतो. भाड्याच्या बोलणीत जिने, कॉरिडॉर, लिफ्टचा वाटा धरलेला ‘सेलेबल’ आकडा सर्रास सांगतात. टेप घेऊन जा, भिंतीच्या आतून मोजा आणि भाड्याला त्या आकड्याने भागा. दोन खुर्च्यांच्या दवाखान्याला ३५० ते ४५० चौरस फूट कार्पेट सुखाचं. ३०० मध्ये जमतं, पण निर्जंतुकीकरणाची जागा आणि प्रतीक्षेची जागा एकमेकींना ढकलत राहतात. एका खुर्चीच्या खोलीला आठ बाय दहा फूट किमान धरा. सहायक डोक्यामागून फिरू शकली पाहिजे. खांब कुठे आहे ते पाहा. मधोमध खांब असलेले ४०० फूट हे खांब नसलेल्या ३२० फुटांपेक्षा वाईट.

ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) किंवा सीबीसीटी (त्रिमितीय स्कॅन) यांचं यंत्र आज घेणार नसाल, तरी तीन वर्षांनी घ्यावंसं वाटेल. कुठल्याही दंत एक्स-रे यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाची नोंदणी लागते, ती त्यांच्या ई-लोरा प्रणालीवर होते. खुर्चीजवळच्या छोट्या एक्स-रेला फारशी अडचण येत नाही, पण ओपीजी-सीबीसीटीला वेगळी खोली, भिंती आणि दार यांचा विचार लागतो. जिप्समच्या पार्टिशनवर विसंबून खोली आखू नका. यंत्र विकणाऱ्याकडून खोलीची गरज लिहून घ्या आणि इमारतीची पक्की भिंत त्या बाजूला येईल असा नकाशा करा.

जागा कुठल्या वस्तीत हवी याबद्दल माझं मत ठाम आहे, पण मोजक्या शब्दांत सांगते. मुख्य रस्त्याच्या दर्शनी पाटीला आपण गरजेपेक्षा जास्त भाव देतो. दातांचा पेशंट गाडी चालवता चालवता पाटी पाहून आत वळत नाही. शेजारची सांगते, शाळेच्या गेटवर आया बोलतात, केमिस्ट सुचवतो. मुख्य रस्त्यावर वाहन लावायला जागा नसते. सिंहगड रस्त्यावर २०२१ पासून उड्डाणपुलाचं काम चाललं तेव्हा दर्शनी दुकानांसमोर गाडी उभी करणं किती अवघड झालं होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. आतल्या रस्त्यावर, चालत दहा मिनिटांच्या टप्प्यात हजारभर कुटुंबं, जवळ शाळा आणि भाजीवाला, ही जागा मला आवडते. तळमजला नसेल तर लिफ्टचा पहिला मजला, आणि ती लिफ्ट वीज गेल्यावर जनरेटरवर चालते का हे स्वतः पाहा. व्यापारी इमारत रात्री किती वाजता बंद होते, रविवारी गेट उघडं असतं का, हेही विचारा. नोकरदार पेशंट संध्याकाळी साडेसातनंतर आणि रविवारीच येतो.

नदीकाठच्या भागात आणखी एक चौकशी करा. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून सोडलेलं पाणी सिंहगड रस्त्याजवळच्या एकतानगरीच्या इमारतींत शिरलं, तळमजले बुडाले. खुर्चीचा सगळा मेंदू तिच्या पायथ्याशी असतो, पाणी फूटभर चढलं तरी लाखांचं नुकसान. पूररेषेचा नकाशा पाहा, आणि शेजारच्या दुकानदाराला विचारा, त्या दिवशी पाणी कुठपर्यंत आलं होतं. तो हात लावून भिंतीवर खूण दाखवेल.

आता करार, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण आपल्यापैकी बहुतेक जण इथे वाचत नाहीत, सही करतात.

११ महिन्यांची सवय कुठून आली? १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षभराहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे, ते टाळायला ११ महिने. पण महाराष्ट्रात ही पळवाट उरलेली नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (जागा ठरावीक काळ वापरायच्या परवानगीचा) करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे ११ महिन्यांनी नोंदणी वाचत नाही. वाचतं ते मालकाचं दर वर्षी नकार देण्याचं स्वातंत्र्य, आणि किंमत तुम्ही मोजता.

मालकांशी बोलताना घाबरवू नका, समजावा. त्यांना दोन भीती असतात, भाडेकरू कायमचा बसेल आणि मुद्रांकाचा खर्च वाढेल. दुसरीचं उत्तर आकड्यात आहे. लिव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंत करता येतो आणि मुद्रांक एकूण भाडं अधिक परतीच्या डिपॉझिटवरचं वार्षिक १० टक्क्यांचं काल्पनिक व्याज, या बेरजेच्या पाव टक्का. भाडं ३० हजार आणि डिपॉझिट दीड लाख धरा. ६० महिन्यांचं भाडं १८ लाख, व्याज वर्षाला १५ हजार म्हणजे पाच वर्षांचं ७५ हजार, बेरीज १८ लाख ७५ हजार, तिचा पाव टक्का सुमारे ४,७०० रुपये. शहरात नोंदणी शुल्क हजार रुपये. पाच वर्षांचं स्वास्थ्य सहा हजारांच्या आत. खरा भाडेपट्टा केला तर मुद्रांक मालमत्तेच्या बाजारमूल्याच्या हिश्श्यावर लागतो, म्हणून तो खूप महाग पडतो आणि बहुतेक जण लिव्ह अँड लायसन्सवरच येतात.

पण लायसन्सचा दुबळेपणा समजून घ्या. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याप्रमाणे लायसन्समुळे तुम्हाला त्या जागेत कुठलाही हितसंबंध मिळत नाही, फक्त वापरायची परवानगी मिळते. मालकाने जागा विकली तर नवा मालक तुमच्या लायसन्सने आपोआप बांधला जात नाही. माझ्या बाबतीत नेमकं हेच घडलं. म्हणून तिसऱ्या जागेच्या करारात मी तीन गोष्टी घातल्या, त्या तशाच तुम्हीही घाला.

पहिली, लॉक-इन, म्हणजे करार मोडता येत नाही ती मुदत. ती एकतर्फी नको असं सगळे सांगतात, मी म्हणते एकतर्फीच हवी, पण आपल्या बाजूने. मालकाने पूर्ण ६० महिने जागा द्यायची, आपल्याला पहिल्या वर्षानंतर तीन महिन्यांच्या नोटिशीने सोडता यावी. मालक कुरकुरतील. तेव्हा सांगा, ज्याने फरशीखाली पाइप गाडलेत तो सहज पळून जात नाही. दुसरं, जागा विकायची झाली तर आधी आपल्याला विचारायचं, आणि दुसऱ्याला विकली तर नव्या मालकाने हाच करार उरलेल्या मुदतीसाठी लेखी मान्य करायचा, ही अट खरेदीखतात घालायची. तिसरं, एवढं करूनही मुदतीआधी जागा सोडावी लागली तर भरपाईचं सूत्र. समजा अंतर्गत कामावर सहा लाख लागले. ६० महिन्यांनी भागलं की महिन्याला दहा हजार. २६ व्या महिन्याअखेर बाहेर काढलं तर उरलेले ३४ महिने, म्हणजे ३ लाख ४० हजार मालकाने द्यायचे. कामाची बिलं कराराला परिशिष्ट म्हणून जोडा, नाहीतर सहा लाखांचा आकडा सिद्ध करत बसावं लागतं. आकडा लिहिलेला असला की कोर्टाची पायरी चढायची वेळ सहसा येत नाही, बोलणीतच मिटतं.

बाकी अटी भराभर. भाडेवाढ वर्षाला किती टक्के हे आजच ठरवा, पाच टक्के रास्त, ‘परस्पर संमतीने’ असं लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. फर्निचरच्या कामाचा काळ, निदान एक ते दीड महिना, बिनभाड्याचा मागा. ज्याचा गाळा बरेच दिवस रिकामा पडून आहे त्या मालकाला हे पटतं. डिपॉझिट ताबा परत देण्याच्या दिवशीच परत मिळावं. खुर्ची, कॉम्प्रेसर, एसी, कॅबिनेट ही आपली, याची यादी जोडा. जागा ‘होती तशी’ परत करायची असेल तर ती कशी होती याचे फोटो दोघांच्या सहीने ठेवा.

एक अट दंतवैद्यांच्या खास गरजेची. छापील मसुद्यात ‘लायसन्सी सोडून इतर कोणीही जागा वापरू नये’ असं असतं. आपल्याकडे ऑर्थोडॉन्टिस्ट मंगळवारी येतात, ओरल सर्जन शनिवारी. भेटीला येणारे तज्ज्ञ आणि नोकरीला असलेले दंतवैद्य इथे काम करू शकतील, हे वाक्य घाला. आणि एक कटू शक्यता पण बोलून ठेवा. आपल्याला काही झालं, तर घरच्यांना निदान सहा महिने त्याच भाड्याने जागा ठेवता यावी आणि प्रॅक्टिस विकत घेणाऱ्याशी मालकाने करार करावा. माझ्या एका समवयस्क सहकाऱ्याच्या पत्नीला पतीच्या अकराव्याच्या दुसऱ्या दिवशी जागा रिकामी करण्याबद्दल विचारणा झाली. तेव्हापासून ही अट मी प्रत्येकाला सांगते.

पैशांच्या बाजूला दोन गोष्टी तपासा. मालक जीएसटीत नोंदलेले असतील तर व्यापारी भाड्यावर १८ टक्के कर लागतो. आपली आरोग्यसेवा करमुक्त असल्याने तो आपल्याला वळता करून मिळत नाही, म्हणजे ४२ हजारांचे ४९,५६० होतात. बोलणी ‘सगळं धरून’ किती, अशीच करा. भाडं महिन्याला ५० हजारांच्या वर गेलं तर टीडीएस (भाड्यातून आधीच कापायचा आयकर) कापायची जबाबदारी तुमची, तेव्हा सीएशी बोला.

सही करण्याआधी कागद मागा: मालकाचं खरेदीखत किंवा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), भोगवटा प्रमाणपत्र, मिळकत कराची ताजी पावती, वीजबिल, सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेट. जागेवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र. कर्ज थकलं तर बँक जागेचा ताबा घेऊ शकते, आणि तेव्हा तुमचा नियमित भाडेभरणा कुणी विचारात घेत नाही. मंजूर नकाशात जागा दुकान किंवा ऑफिस म्हणून आहे का ते पाहा. पार्किंगची जागा बंद करून केलेले ‘गाळे’ पुण्यात खूप आहेत, स्वस्त मिळतात, त्यांच्याकडे वळूही नका. सोसायटीचं पत्र घ्या आणि त्यात दवाखाना, पाटीची जागा, कॉम्प्रेसर असा स्पष्ट उल्लेख असू द्या. सोसायटी ‘भाडेकरू ठेवल्याचे’ म्हणून भरमसाट रक्कम मागत असेल, तर बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः जागा वापरत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही असा राज्य सरकारचा २००१ पासूनचा आदेश आहे, तो मालकांना दाखवा.

परवानग्यांवर लांबण लावत नाही. जैववैद्यकीय कचऱ्यासाठी २०१६ चे नियम, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि कचरा नेणाऱ्या सामाईक केंद्राशी करार. पिवळ्या, लाल, निळ्या आणि पांढऱ्या डब्यांना पेशंटच्या नजरेआड पण कचरागाडीच्या वाटेवर जागा ठेवा. कर्मचारी मोजकेच असतील तर दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ खाली ऑनलाइन सूचना पुरते. पाटी मराठीत, देवनागरीत, आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत.

आता तुमच्या दोन जागा. दुसऱ्या मजल्याच्या ऑफिसच्या आत नळ किंवा मोरी आहे असं तुम्ही कुठेही लिहिलेलं नाही, आणि व्यापारी इमारत असल्याने नसणार असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर २६ हजार हा आकडा विसरून जा, ती जागा आपल्या कामाची नाही. एजंट ‘पाइप काढून देऊ’ म्हणेल. कुठून काढणार, ते त्याला बोटाने दाखवायला लावा.

गाळा मला बरा वाटतो. ४२ हजार जास्त आहेत, पण महिन्याला १६ हजारांच्या फरकात पायऱ्या नसणं, आतलं पाणी आणि चालत येणारी वस्ती मिळते. ३४० कार्पेट निघालं तर दोन खुर्च्या बसतील. बिल्ट-अप निघालं तर आत २७०-२८० उरतील, मग एक खुर्ची आणि दुसरीची पाइपलाइन तयार ठेवून सुरुवात करा आणि भाडं त्या मापाने खाली आणा. माझा स्वतःचा दंडक असा की दुसऱ्या वर्षी प्रामाणिकपणे जी मासिक जमा अपेक्षित आहे, तिच्या १५ टक्क्यांत भाडं बसावं. ४२ हजारांसाठी ती जमा २ लाख ८० हजार होते. नोकरीत तुम्ही स्वतः किती काम करत होता ते तुम्हाला माहीत आहे, त्यावरून ठरवा. यंत्रांचं कर्ज पाच वर्षांचं असेल तर करारही पाच वर्षांचा, याखाली उतरू नका. मालक ११ महिन्यांवरच अडून राहिले, तर गाळा कितीही आवडला तरी सोडा आणि पुढचा शोधा.

या शनिवारी संध्याकाळी सात वाजता प्लंबरला घेऊन गाळ्यात जा. टेप, टीडीएस मीटर आणि एक बादली पाणी बरोबर ठेवा. मागच्या मोरीत बादली एकदम ओता आणि पाणी उतरायला किती वेळ लागतो ते पाहा. मोरीपासून दोन्ही खुर्च्यांच्या जागेपर्यंतचं अंतर, बीमखालची उंची आणि मीटरवरचा मंजूर भार लिहून आणा. हे चार आकडे हातात आले की मला कळवा. खुर्च्या कुठे बसतील ते कागदावर आखून देते, आणि मग मालकाकडे जाल तेव्हा काय मागायचं ते नेमकं माहीत असेल.